थोरलीच्या कमरेची चावी

मराठवाड्यात जुनी खेळणी कुठं सापडतात, हे अयोध्याला विचारावं. भंगारवाल्याकडं सापडतात ती चाकं गेलेली, मुंडकी मोडलेली. धड खेळणी सापडतात महालक्ष्म्यांपुढं. वर्षभर ट्रंकेत जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची, भाद्रपदात तीन दिवस आरासीत मांडायची आणि बोळवण झाली की पुन्हा ट्रंकेत. लेकरांनी हात लावायचा नाही. एकदा देवीपुढं ठेवलं की ते देवीचं. पुण्यामुंबईचे शौकीन लोक असल्या वस्तूंसाठी मोबाइलवर बोली लावतात म्हणे. अयोध्या हळदीकुंकवाला जाते.

नांदेडच्या तिच्या घरात कपाटभर पसारा होता. काडेपेट्यांवरचे छाप, सिनेमाच्या गाण्यांची पातळ पुस्तकं, टूथपेस्टच्या खोक्यातून निघायचे ते बोटाएवढे प्राणी, एक डोळा मिटून आत नटनट्या बघायचं प्लास्टिकचं डबडं. पाहुणे आले की नवरा, दयानंद, ओळख करून द्यायचा, ही आमची मंडळी आणि हे मंडळींचं भंगार. पाहुणे हसायचे. मग त्यातला एखादा कपाटापुढं रेंगाळायचा, डबडं डोळ्याला लावायचा आणि लहान आवाजात म्हणायचा, हे आमच्याकडं होतं. त्या लहान आवाजासाठीच अयोध्या हे सगळं करायची. पण कुणाला सांगणार?

त्या कपाटात दोन मोडके पत्र्याचे हत्तीही होते. त्यांची गोष्ट अशी.

अयोध्याचं माहेर लोह्याचं. लहानपणी माळेगावच्या जत्रेत तिनं एक चावीचा हत्ती पाहिला होता. सोंडेत छत्री. दुकानदारानं चावी दिली की हत्ती डोलत चालायचा आणि छत्री गरगर फिरायची. भाऊ घोडे बघायला पुढं पळाले, वडील त्यांच्या मागं. अयोध्या तिथंच थांबली, म्हणून पुढचं तिला एकटीलाच दिसलं. चावी संपली, हत्ती थांबला, छत्री टपकन वर उचलली गेली आणि आतून इवलंसं माकड निघालं. त्यानं कपाळाला हात लावून सलाम केला. अयोध्याला.

घरी कुणाचाच विश्वास बसला नाही. पुढं घरात कुणी थाप मारली की सगळे म्हणायचे, आलं बघा अयोध्याचं माकड. दयानंदनं ते सासुरवाडीहून आयतंच उचललं. भंगारात सापडलेल्या दोन्ही हत्तींच्या छत्र्या तुटलेल्या होत्या आणि जमवलेल्यातली एकही चावी त्यांना बसत नव्हती. दयानंद म्हणायचा, लोकांचा हत्ती जातो आणि शेपूट राहतं; तुझा हत्ती राहिला आणि माकड गेलं. अलीकडं तिला स्वतःलाही शंका यायला लागली होती. माकड होतं, की तिनंच ते मनात बसवलं होतं?

यंदा औशाहून सृष्टीचा फोटो आला. सृष्टी तिच्या बहिणीची मुलगी, गेल्याच वर्षी तिथं लग्न होऊन गेलेली. फोटोत सासरच्या महालक्ष्म्या, दिव्यांच्या माळा, फराळाची ताटं. आणि धाकट्या लक्ष्मीच्या पायाशी पत्र्याचा हत्ती. छत्रीसकट.

अयोध्यानं लातूरला बस बदलली आणि पूजेच्या दिवशी औशात दाखल झाली. हत्ती मागायचाच, हे तिनं बसमध्येच ठरवलं होतं. पिशवीत विहिणीसाठी भारी साडी घेतली होती.

सृष्टीची सासू केवळाबाई सत्तरीला टेकलेली, बोलायला सडेतोड. अयोध्या हळदीकुंकू घ्यायच्या आधीच हत्तीपुढं ओणवी झाली, ते तिनं बरोबर टिपलं.

"विहीणबाई, लक्ष्म्या वर हायेत."

बायका हसल्या. अयोध्याही हसली, पण तिचं लक्ष हत्तीवरून हलेना. लाल झूल कालच रंगवल्यासारखी होती. झुलीखाली चावीचं भोक होतं. चावी कुठंय, असं तिनं हळूच विचारलं. केवळाबाईला प्रश्नच कळला नाही. तिच्या सासऱ्यांनी हैदराबादच्या नुमाइशीच्या प्रदर्शनातून हा हत्ती आणला, सासूबाईंनी खोक्यातून काढून तडक देवीपुढं ठेवला, तेव्हापासून तो बसलेलाच आहे. हा चालतो, असं त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

अयोध्यानं नमस्कार करून वर पाहिलं. थोरलीच्या कमरेला चांदीचा छल्ला होता आणि छल्ल्याला एक छोटी पितळी चावी. फुलपाखराच्या पंखांसारख्या दोन पाकळ्या असलेली.

अश्शीच चावी तिनं माळेगावच्या दुकानदाराच्या हातात पाहिली होती.

जेवताना केवळाबाईनं आपण होऊनच चावीची कथा सांगितली. सासरे वारल्यावर ती ट्रंकेच्या तळाशी सापडली. घरातल्या एकाही कुलपाला लागली नाही. सासूबाई म्हणाल्या, आपल्या कुलपाची नाही म्हणजे लक्ष्मीच्या भांडाराची असणार, आणि त्यांनी ती थोरलीच्या छल्ल्यात अडकवली. तेव्हापासून या घरात दाण्याला कमी पडलं नाही.

अयोध्याला पुरणपोळी गोड लागेना. बोलावं, तर एका घराची इतक्या वर्षांची श्रद्धा पत्र्याच्या खेळण्यात जाते. न बोलावं, तर माकड, असलंच तर, हत्तीपाशीच राहतं आणि ती जन्मभर थापाडी.

दुसऱ्या दिवशी बोळवण झाली. देवींवर अक्षता पडल्या, मुखवटे उतरवून सुपात ठेवले, वर खण झाकला. दागिने निघाले. केवळाबाई चावी कापसात गुंडाळायला लागली, तेव्हा अयोध्याच्या तोंडून निघूनच गेलं.

"आक्का, ती चावी या हत्तीची हाय."

सृष्टीनं मावशीकडं असं पाहिलं, की अयोध्याला वाटलं आपली लातूरची बस आत्ताच निघावी.

केवळाबाईनं चावीकडं पाहिलं. मग हत्तीकडं.

"म्हंजी सासूबाई खऱ्याच व्हत्या," ती म्हणाली. "चावी लक्ष्मीचीच. आमाला कुलूपच घावत नव्हतं."

अयोध्यानं बजावलं, की आतली स्प्रिंग कधी फिरलेली नाही, तुटूही शकते. केवळाबाई म्हणाली, तुटंना का, आणि हत्तीपुढं मांडी घालून बसली. चावी भोकात बसली, जणू कधी निघालीच नव्हती. हळू, आक्का, हळू, असं अयोध्या पुटपुटत राहिली. जास्त दिली तर तुटेल म्हणून तीन पिळांवर तिनं थांबवलं.

केवळाबाईनं हात काढला. काहीच झालं नाही.

मग आत कुठंतरी कुरकुर झाली. हत्तीनं मान हलवली. एक पाय उचलला, मग दुसरा, आणि फरशीवर सांडलेल्या अक्षतांमधून तो डोलत चालायला लागला. छत्री फिरली. लाल, पिवळी, लाल, पिवळी. सृष्टीनं पदर तोंडाशी धरला. हत्ती मंदावला. छत्री मंदावली. थांबली.

थांबलेल्या छत्रीकडं बघत अयोध्या बसून राहिली. तर नव्हतंच, असं तिच्या मनात आलं.

टक्.

छत्री वर गेली आणि माकड निघालं. निळी टोपी, तांबडा डगला, जसंच्या तसं. इतकी वर्षं त्याला ना ऊन लागलं होतं ना धूळ. काल रंगवून आज पाठवावं, तसं ते आत बसून वाट बघत होतं. त्यानं कपाळाला हात लावला.

अयोध्यानंही लावला. आपण काय केलं, हे तिला नंतर कळलं. फोन हातात होता, पण फोटो काढायचा असतो हे आठवलंच नाही. हत्ती मागायचंही राहून गेलं.

सृष्टी डोळे पुसत हसत होती. केवळाबाई मात्र सुपाकडं बघत होती.

"या दोघी एवढ्या वर्सापास्नं त्याच्यापुढं बसत्यात," ती म्हणाली, "अन् त्यायनं येकदा बी पायलं न्हाई."

सृष्टी म्हणाली, आई, आता तर बोळवण झाली, त्या गेल्या.

"येशीपत्तर गेल्या असत्याल. बोलाव."

सृष्टीनं सुपावरचा खण बाजूला केला. केवळाबाईनं दोन्ही मुखवटे उचलून भिंतीला टेकवले, थोरलीच्या कपाळावरच्या अक्षता बोटानं सारख्या केल्या, आणि चावी अयोध्याच्या हातात दिली.

"तुमी द्या, विहीणबाई. तुमची वळख हाय त्याच्याशी."