जांभळ्या चिंधीचा कठडा

मित्रांनो, आपली ओळख जुनीच असणार. कधीतरी एखाद्या रांगेत किंवा मिरवणुकीत तुम्ही माझ्यावर कोपर टेकवून उभे राहिला असाल, शेंगदाण्याची रिकामी पुडी माझ्या पाइपात कोंबली असेल आणि पुढे निघून गेला असाल. मी एक जुना लोखंडी कठडा आहे. मंडपवाले मला बॅरिकेड म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम साधं आहे. लोकांना पुढे जायचं असतं आणि मी तिथे उभा असतो.

माझे पाइप मुळात सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये वाफ वाहून नेत. मिलने नवे पाइप बसवले, जुने भंगारात गेले आणि उधन्याच्या एका कारागिराने त्यांचे तुकडे जोडून मला घडवलं. त्यामुळे दाब म्हणजे काय, हे मला जन्माच्या आधीपासून ठाऊक आहे. दाब सुरुवातीला आवाज करत नाही. लोकांना वाटतं, सगळं ठीक आहे.

उमेदीच्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. गणपती विसर्जनाला मी होतो, नवरात्रीत गरब्याच्या मैदानाला मी होतो, लसीकरणाच्या रांगेतही मीच होतो. दर वर्षी मला नवा पिवळा रंग मिळे. मग एका नेत्याच्या स्वागताला त्यांचे कार्यकर्ते हार घालायला माझ्यावर चढले. नेत्यांच्या गळ्यात हार पडला आणि माझ्या डाव्या पायाच्या जोडाला तडा गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नेत्यांचा फोटो आला. मी त्यात कोपऱ्यात होतो, तडा गेलेला पाय वगळून.

तडा पहिल्यांदा पाहिला तो लोटूने. लोटू हा आमच्या मंडपवाल्याकडचा माणूस. मूळचा खानदेशातला. तरुणपण कडोदऱ्याला लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खात्यात गेलं. तिथे इतका खडखडाट असे की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर हातवारे करावे लागत. धागा तुटला, पाणी हवं, शेठ आला, प्रत्येकाची एकेक खूण. त्यातली सर्वांत महत्त्वाची खूण धोटा सुटल्याची. मागावरून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, सुटला तर तो गोळीसारखा येतो. तेव्हा जो पाहील त्याने एक हात डोक्यावर उंच करायचा, मग दोन्ही तळवे छातीपासून जोरात पुढे ढकलायचे. ती खूण दिसली की कारण न विचारता सगळ्यांनी मागे व्हायचं. लूम सुटलं, कान गेले, पण खुणा घरात राहिल्या. दूध उतू चाललं तरी लोटूची बायको सरलाबाई धोटा सुटल्याचीच खूण करते, असं तो सांगत असे.

लोटूने तडा पाहिला आणि मंडपाचे मालक चेतनभाईंना हाक मारली.

"शेठ, इसका पाँव गया है. वेल्डिंग करना पडेगा."

चेतनभाई तेव्हा फोनवर होते. बाहेरगावचा एक मोठा रॉक बँड सुरतेत येणार होता आणि मैदानाचं काम त्यांना मिळालं होतं.

"अरे लोटुभाई, अत्यारे वेल्डिंगवाळो क्यांथी लावुं?" ते म्हणाले. "अभी बांध दे. बाद में देखते हैं."

आता सुरतेत काही मोडलं की लोक आधी चिंधी शोधतात. कपड्याचं गाव आहे, चिंधीला तोटा नाही. सरलाबाई घरी साड्यांचे धागे कापते, त्या साड्यांच्या कडेच्या पट्ट्या लोटूच्या खिशात नेहमी असतात. त्याने जांभळी पट्टी काढली, माझ्या पायाला आवळून गुंडाळली आणि विणकराची गाठ मारली. ती चपटी गाठ जन्मभर त्याच्या धाग्यांना पुरली होती. लोखंडालाही पुरेल, असं त्याला वाटलं. चिंधी दिसायला छानच होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मला स्टेजसमोर पहिल्या रांगेत उभं केलं, अगदी मधोमध. दिवस मावळायच्या आत मैदान भरत आलं. तेवढ्यात लोटूला सरलाबाईचा फोन आला. ज्याला ऐकू कमी येतं तो फोनवर सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलतो.

"हां, व्हई गयं वेल्डिंग!" तो माझ्याच डोक्यावर ओरडला. "तू फिकीर नको करू! आनि आपली पोर हर्षदा? क्लासले गई का? बरं, बरं."

फोन खिशात टाकून तो पलीकडे वायर उचलायला गेला. बऱ्याच वेळाने, तो उभा होता त्याच जागी, दोन मुली धापा टाकत येऊन मला बिलगल्या.

"दिपाली, पहिली रांग! स्वप्न तर नाही ना?"

"घरी काय सांगितलंस?"

"कॉम्प्युटर क्लास. जादा तास."

"हर्षदा, तुझा क्लास फारच जोरात वाजतोय हं."

मित्रांनो, मी लोखंड आहे, पण त्या वेळी मला घाम फुटला असता.

त्यांच्या शेजारी राहुल नावाचे एक गृहस्थ होते. कॉलेजात असताना घेतलेला काळा टी-शर्ट त्यांनी आज पुन्हा घातला होता. टी-शर्ट तेवढाच राहिला होता, राहुल राहिले नव्हते. त्यांना या बँडबद्दल सगळं माहीत होतं आणि ते सगळं इतरांना माहीत व्हावं अशी त्यांची इच्छा होती.

"साउंड बरोबर नाही," बँड यायच्या आधीच ते म्हणाले. "आणि हे व्हीआयपी बघा. सोफ्यावर बसून कोणी रॉक ऐकतं का? पाण्याची सोय नाही, बाथरूमला ही रांग. आमच्या वेळी असं नव्हतं."

"तेव्हा काय होतं काका?" दिपालीने विचारलं.

"तेव्हा आम्हाला तिकीटच मिळालं नव्हतं."

मग दिवे गेले आणि ड्रमवाल्याने पहिला ठोका दिला. लोक किंचाळले. मला मात्र ठोका जमिनीतून, पायातून आला. दुसऱ्या ठोक्याला माझा जोड केसभर उघडला. आवाज झाला: कट्. तो कोणी ऐकला नाही. तिथे ज्याला आवाज म्हणत होते त्यापुढे माझं ते कट् म्हणजे काय?

गाणी पुढे सरकली तशी गर्दीही सरकली. मागच्यांना दिसत नव्हतं म्हणून ते पुढे येत होते, पुढच्यांना जागा नव्हती म्हणून ते माझ्यावर येत होते. मागे कोणी आनंदाने रडत होतं, कोणाची चप्पल गेली होती, कोणाला चक्कर येत होती. तरी प्रत्येक जण एक हात वर करून मोबाइलमध्ये तो अविस्मरणीय अनुभव साठवत होता. हर्षदा गात होती. मग तिचं गाणं थांबलं, कारण माझा वरचा पाइप तिच्या बरगड्यांना टेकला होता आणि गायला श्वास लागतो.

"दिपाली, मागे सरक ना जरा!"

"काय?"

"मागे!"

"हो, भारी आहे!"

एवढ्यात गायक स्टेजच्या अगदी काठावर आला आणि त्याने दोन्ही हातांनी लोकांना जवळ बोलावलं. त्याचा हेतू प्रेमळ होता. सगळं मैदान एका लयीत पुढे आलं. कट्. कट्. जांभळी चिंधी सतारीच्या तारेसारखी ताणली गेली.

लोटूने ते पाहिलं. त्याला ऐकू कमी येतं, त्यामुळे तो नेहमी बघत असतो. वायर टाकून तो धावत आला, स्टेजच्या बाजूने माझ्या पायाशी बसला, टाच जमिनीत रोवून त्याने खांदा माझ्या पाइपाला लावला. वाफेच्या दिवसांनंतर इतका दाब मी पाहिला नव्हता, आणि तो आता एका माणसाच्या हाडांवर येत होता.

हर्षदाची नजर खाली गेली. आधी तिला चिंधी दिसली. तो जांभळा रंग आठवडाभर तिच्या घरात पसरला होता. मग गाठ दिसली. मग त्या गाठीमागे बसलेला माणूस दिसला, आणि त्याच क्षणी त्याने मान वर केली.

"आबा!"

"तू आठे काय करी राहिनी?"

दोघांनाही एकमेकांचं ऐकू गेलं नाही. पण एवढ्या मोठ्या मैदानात न ऐकता बोलू शकणारी माणसं तीच दोघं होती. लोटूने एक हात सोडवून डोक्यावर उंच केला, मग तळवा छातीपासून जोरात ढकलला. धोटा सुटला. मागे हो.

हर्षदाने मान हलवली. मागे जागाच नव्हती. मग ती कशीबशी वळली. पाठ माझ्याकडे, तोंड गर्दीकडे. तिने हात उंच केला, दोन्ही तळवे पुढे ढकलले. पुन्हा उंच केला, पुन्हा ढकलले. ओठांनी ती "मागे, मागे" म्हणत होती, डोळ्यांत पाणी होतं.

राहुलनी ते पाहिलं.

"अरे, ही स्टेप!" त्यांनी शेजाऱ्याच्या कानात ओरडून सांगितलं. "ओरिजिनल आहे! फार जुन्या फॅन्सनाच माहीत आहे!"

आणि त्यांनी हात उंच केला, तळवे ढकलले आणि एक पाऊल मागे टाकलं. दिपालीने टाकलं. त्यांच्या मागच्यांनी टाकलं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना, आपल्याला माहीत नाही, हे इतरांना कळू द्यायचं नव्हतं. लाट उलटी फिरली. अख्खं मैदान हात वर करून, तळवे ढकलत, हसत हसत मागे गेलं. स्टेजवरून ते फार सुंदर दिसलं असावं, कारण गायकाने छातीवर हात ठेवला.

माझ्यावरचं ओझं उतरलं. लोटू मात्र बराच वेळ तसाच बसून होता, कारण त्याचा खांदा निखळला होता.

मैदान रिकामं झाल्यावर बापलेक माझ्याजवळ उभे होते.

"तू क्लासले गयथी ना?" लोटूने विचारलं.

"आनि तुम्ही वेल्डिंग करी लिधं ना, आबा?" हर्षदा म्हणाली.

तिने ओढणीची झोळी करून त्याचा हात गळ्यात अडकवला.

चेतनभाई आले, मला एक लाथ मारून पाहिली आणि समाधानाने म्हणाले, "देखा लोटुभाई? कंई थयुं? कंई नथी थयुं! टिक गया ना?"

दुसऱ्या दिवशी लोकांनी आपापले अनुभव लिहिले. कोणाला आयुष्यातली सर्वांत सुंदर संध्याकाळ लाभली होती. कोणाला ड्रमशिवाय काही ऐकूच आलं नव्हतं. कोणाची नवी चप्पल हरवली होती. राहुलनी साउंडवर एक दीर्घ टिपण लिहिलं. माझ्या पायाबद्दल कोणी काही लिहिलं नाही, आणि का लिहावं? न मोडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही. व्हिडिओ मात्र घरोघर पोचला. हर्षदाचं रडवेलं तोंड, उंच हात, ढकललेले तळवे. त्याला लोकांनी 'सुरती स्टेप' नाव दिलं. लग्नात, गरब्यात, शाळेच्या स्नेहसंमेलनात सगळीकडे ती स्टेप सुरू झाली. आणि लोकांनी तिच्यात सुधारणाही केली. नुसतं मागे जाण्यात मजा नाही, असं सर्वांचं मत पडलं. आता दोन पावलं मागे घ्यायची आणि मग सगळ्यांनी मिळून तीन पावलं जोरात पुढे यायचं.

त्याच दिवसांत हर्षदा चेतनभाईंच्या गोदामात आली होती. लोटू खांद्यामुळे घरीच होता.

"चेतनकाका, हा कठडा वापरू नका. प्लीज."

"नहीं बेटा, बिलकुल नहीं," चेतनभाई म्हणाले. "साइडमां मूकी दइशुं. तू तो स्टार थई गई!"

तिला त्यांचा भरवसा वाटला नाही. तडा सगळ्यांच्या डोळ्यांना दिसावा, मग मला कोणी उचलणार नाही, असा विचार करून तिने स्वतःच्या हाताने बापाची गाठ सोडली आणि चिंधी पर्समध्ये ठेवली. पोरगी हुशार आहे. फक्त तिला रंगाऱ्याची कल्पना नव्हती. त्या आठवड्यात रंगारी आला, नीट मनापासून काम करणारा माणूस. त्याने माझ्यावर पिवळ्या रंगाचे दाट हात मारले, तड्यावर तर जास्तच. आता मी नवा दिसतो. त्यानंतर टेम्पो भरताना एक कठडा कमी पडला. बाजूला ठेवलेला एक होताच.

मित्रांनो, आज शनिवार आहे. कडोदऱ्याच्या रस्त्याकडचं हे मैदान मागच्याहून मोठं आहे, बँड तोच आहे आणि मी पहिल्या रांगेत मधोमध उभा आहे. पायाला चिंधी नाही, पायाशी लोटू नाही. गोदामातली माझी जागा रिकामी दिसल्यावर हर्षदा तशीच इकडे धावत आली. तिने गेटवरच्या माणसाला माझा पाय तडकल्याचं सांगितलं, तर त्याने तिला ओळखलं आणि सेल्फी मागितला. आता ती माझ्यासमोर उभी आहे, स्टेजकडे पाठ करून. ड्रमवाल्याने पहिला ठोका दिला आहे आणि माझ्या रंगाला एक बारीक रेघ पडली आहे.

ती एक हात उंच करते. दोन्ही तळवे ढकलते. अख्खं मैदान आनंदाने ओरडतं आणि हात उंच करतं.

तुमच्याकडे माझी मोठी मागणी नाही. मला तेल नको, हार नको, वर्तमानपत्रात फोटो तर नकोच. फक्त दोन पावलं मागे गेलात की तिथेच थांबा.