यंत्राबद्दल तक्रार

इस्मो माझ्या बहिणीचा नवरा. होता, असं म्हणायला हवं. बहीण त्याला सोडून ताम्पेरे शहरात गेली, पण तो आमच्या टीमला चिकटून राहिला. टीम पाच जणांची. शनिवारी आम्ही आपापल्या कॉम्प्युटरची धुडं उचलून अग्निशमन दलाच्या जुन्या घरातल्या हॉलमध्ये आणतो, लांब टेबलावर मांडतो आणि आसपासच्या गावांच्या टीमशी गोळीबाराचे खेळ खेळतो. पन्नाशीला टेकलेली माणसं असं करतात म्हणून कुणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. नोव्हेंबरात आमच्याकडे दुसरं काय करायचं तेही मग त्यानंच सांगावं.

खुर्च्या पाचच. वर्षातून एकदा, आमच्याकडे नोव्हेंबरात येणाऱ्या पितृदिनाच्या आदल्या शनिवारी, बाहेरचा कुणीही पाचांपैकी एकाला आव्हान देऊ शकतो. दोघांची लढत होते आणि जिंकेल त्याला खुर्ची मिळते. हरलेल्याला आमचा पंच उर्पो सगळ्यांसमोर विचारतो, "यंत्राबद्दल तक्रार?" लढतीत यंत्रच बंद पडलं असेल तर लढत रद्द आणि खुर्ची जुन्या माणसाकडे. यंत्राच्या चुकीची शिक्षा माणसाला नको म्हणून हा नियम आम्हीच केला होता.

लागोपाठ तीन वर्षं इस्मोला आव्हान दिलं ते त्याच्याच मुलीनं. साइमीला खेळायला इस्मोनंच शिकवलं, आणि यंत्र उघडायलाही त्यानंच. पोर बापापेक्षा कितीतरी सरस निघाली. पण दर वर्षी ती जिंकायला आली की इस्मोचा पडदा निळा व्हायचा आणि सगळं ठप्प. इस्मो यंत्राच्या जुन्या डब्यावर थाप मारून म्हणायचा, "दमलं बिचारं म्हातारं." प्रोसेसर कारखान्यानं ठरवलेल्या वेगापेक्षा त्यानं बराच वर पळवलेला, त्यामुळे यंत्र मधेच मान टाकतं यात कुणाला नवल वाटत नसे. सगळे हसायचे. साइमी मुकाट्यानं सगळ्यांचे कॉफीचे कप विसळायची आणि पुन्हा वर्षभर राखीव खेळाडू म्हणून मागच्या बाकावर बसायची.

मला त्या यंत्राचा मनस्वी राग होता. इस्मोच्या मंद हातांमुळे आम्ही सामने हरत होतो आणि त्याची खुर्ची काही रिकामी होत नव्हती. मागच्या वर्षी मी माझा स्वतःचा पॉवर सप्लाय काढून त्याला दिला. तरी यंत्र मेलंच.

यंदा साइमी म्हणाली, "मामा, बाबाला पितृदिनाची भेट म्हणून ते यंत्र नीट करून देऊ या. म्हणजे हरले तर खरी हरेन तरी."

इस्मो लाकूड गिरणीत पाळीवर गेला होता तेव्हा आम्ही त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर यंत्र उघडलं. आत मांजराचे केस आणि धूळ, प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळून खडू झालेली. साइमीनं सगळं पुसलं, नवी पेस्ट लावली. मग आधी वेग कारखान्याच्या मापावर आणला आणि प्रोसेसरला घाम फोडणारा हिशेबाचा प्रोग्राम चालू केला. यंत्र पळत राहिलं. आम्ही राईची भाकरी खाल्ली, कॉफी घेतली, तरी पळतच होतं. मेमरी वेगळी तपासली, तीही खणखणीत. मग तिनं वेग पुन्हा इस्मोच्या आकड्यावर नेला. लगेच निळा पडदा.

"वेगच जास्त आहे," मी म्हणालो. "म्हातारं झालंय ते."

"थांब, मामा." ती बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मुळातल्या सेटिंगमध्ये, शिरली आणि बराच वेळ एकाच ओळीकडे बघत राहिली. "हे व्होल्टेज बघ."

मला त्यातलं फारसं कळत नाही.

"वेग वाढवला की व्होल्टेजही वाढवायचं. पळवतेस तर खायलाही घाल, असं बाबानंच मला शिकवलंय. आणि इथं त्यानं हातानं कमी करून ठेवलंय. नुसतं खेळताना कसंबसं तग धरेल इतकंच. जरा जास्त भार आला की मेलंच."

"चुकून झालं असेल."

"बाबाच्या हातून?"

ती खोदत राहिली. कीबोर्डच्या बटणांना कामं लावून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, तो तिनं उघडला. आकड्यांच्या पट्टीवरच्या कोपऱ्यातल्या बटणाला, जे खेळात कुणीच वापरत नाही, इस्मोनं एक काम लावलं होतं. बटण दाबलं की तोच घाम फोडणारा हिशेब मागच्या मागे सुरू.

"दाब," साइमी म्हणाली.

मी दाबलं. एक श्वास घेईपर्यंत पडदा निळा.

"पुन्हा."

यंत्र चालू करून मी पुन्हा दाबलं. पुन्हा निळा. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा राग नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली. तीन वर्षं पोटच्या पोरीशी रडीचा डाव. माझं तर डोकंच फिरलं.

"आत्ता गिरणीत जाऊन त्याला दोन शब्द सुनावतो," मी म्हणालो.

"नको. तो हसेल आणि म्हणेल, अगं गंमत केली. मग तुम्ही सगळेही हसाल." तिनं व्होल्टेज हवं तिथं नेऊन ठेवलं, वेगाला हात लावला नाही. हिशेब सुरू केला. पंखे विमानासारखे ओरडू लागले, पण यंत्र ढिम्म हललं नाही. अंधार पडेपर्यंत ते ओरडत होतं आणि एकदाही मेलं नाही.

"आणि ते बटण? काढून टाकतेस ना?"

"असू दे की. बाबाला सवय आहे त्याची."

मी तिला अडवायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मला अडवायचं नव्हतं. मला ते बघायचं होतं.

शनिवारी हॉल भरलेला. साइमीनं सगळ्यांना वेलचीचे पाव वाटले आणि इस्मोच्या डब्याला निळी फीत बांधून म्हणाली, "पितृदिनाची भेट एक दिवस आधीच, बाबा. तुझं यंत्र साफ करून दिलंय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. इस्मोच्या तोंडचं पाणी पळालं. "काय काय बदललंस गं?"

"धूळ काढली. पेस्ट नवी लावली."

"एवढंच?"

"आणखी काय करायचं होतं?"

त्याचा जीव भांड्यात पडला, हे मला माझ्या खुर्चीवरून स्पष्ट दिसलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, गुणाची पोर आहे म्हणाला. साइमी गोड हसली.

लढत सुरू झाली. साइमीनं त्याला उभं राहू दिलं नाही. तो कोपऱ्यातून डोकं काढायचा आणि मरायचा. जिंकायला तिला थोडेच गुण उरले तेव्हा इस्मोचा उजवा हात माउसवरून उठला, सहज खाज आल्यासारखा कीबोर्डच्या कोपऱ्याकडे गेला आणि परत आला.

पंखे ओरडू लागले. अख्ख्या हॉलनं माना वळवल्या. इस्मो पडद्याकडे बघत राहिला, वाट बघत राहिला. पडदा निळा झाला नाही. त्या वेळात साइमीनं त्याला आणखी दोनदा मारलं. त्यानं पुन्हा बटण दाबलं, या वेळी सगळ्यांच्या देखत. पंखे आधीच जीव तोडून फिरत होते.

साइमीनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "अजून एकदा दाब ना, बाबा. कदाचित नीट दाबलं गेलं नसेल."

तो थिजला. हॉलमध्ये कुणाला आधी कळलं ठाऊक नाही, पण कुजबुज पहिल्या रांगेतून मागच्या भिंतीपर्यंत जायला वेळ लागला नाही. साइमीनं शेवटचा गुण घाई न करता घेतला. आधी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मग मारलं.

उर्पो उभा राहिला. त्याला विचारावं लागणारच होतं. "यंत्राबद्दल तक्रार?"

इस्मो काहीतरी पुटपुटला.

"मागच्या लोकांना ऐकू आलं नाही, बाबा," साइमी म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "यंत्र उत्तम आहे."

लोक हसले. मीही हसलो, आणि मनापासून हसलो. तीन वर्षांचं सगळं वसूल झालं असं मला वाटलं.

इस्मोनं तारा गुंडाळल्या. साइमी त्याच्या खुर्चीत, म्हणजे माझ्या शेजारी, आपलं यंत्र जोडत होती आणि तारांचा गुंता पायानं त्याच्याकडे ढकलत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही. पलीकडे दुसऱ्या गावाची टीम बसली, आमचा सामना सुरू व्हायचा होता. डबा छातीशी धरून इस्मो माझ्यापाशी थांबला. डोळे लाल, पण आवाज शांत होता.

"यंत्र उघडलं तेव्हा तू पण होतास ना?"

"होतो."

"माझ्याहून वर्षानं मोठा आहेस, क्योस्ती. आता या टेबलावर सगळ्यात मंद तूच. आणि पुढच्या वर्षीसाठी मागच्या बाकावर तीन पोरं बसलीयत." तो जरा वाकला. "ते बटण तुझ्या यंत्रात लावून देऊ का? लागेल तुला."

त्याच्या थोबाडीत मारावी असं वाटलं. चल निघ इथून, एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण मी मागच्या बाकाकडे वळून बघितलं. तीन पोरं खरंच होती, आणि तिघंही साइमीकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

"मामा, सुरू झालंय," साइमी म्हणाली.

मी पडद्याकडे वळलो तोवर मला गोळी लागलेली होती. साइमी रागावली नाही. तिनं फक्त खाली, माउसवरच्या माझ्या हाताकडे बघितलं.