मानीबाईंची हाक

मित्रांनो, मी एक जुना लूपर आहे. हाताच्या पंजाएवढा लोखंडी डबा आणि वर पायाने दाबायचे एक बटण, एवढाच माझा देह. बटण दाबले की मी समोरचा आवाज साठवतो आणि कोणी थांबवेपर्यंत तोच पुन्हा पुन्हा ऐकवतो.

पांढरकवड्याच्या दीपाने मला नागपुरातल्या एका वादकाकडून विकत घेतले. कापसाच्या जिनिंगची घरघर, ट्रकांचे हॉर्न, पत्र्यावर घासलेली साखळी, ती माझ्यात काहीही साठवायची. तिचा मित्र गोविंदा डफडे वाजवायचा. आधी काही ठरवायचे नाही, एकमेकांचे ऐकत मंचावरच संगीत घडवायचे, ही त्यांची रीत. लोक आधी हसले, मग कान देऊ लागले. माझे कौतुक होई, आणि मला ते फार आवडे.

मग बंजारा तांड्यावरच्या मानीबाई त्यांच्यासोबत गाऊ लागल्या. पांढरकवड्याच्या सभागृहात त्यांनी ढावलो म्हटला. लग्न झालेली मुलगी निघताना रडत रडत म्हणते, ते बंजारा गाणे. ‘याडी’ म्हणजे आई. त्या शब्दावर त्यांचा आवाज फाटला, आणि नेमके तेव्हाच दीपाने मला दाबले.

याडी, याडी, याडी. मी ऐकवत राहिलो. दीपाने आवाज वाढवला, गोविंदाचे डफडे पेटले. मानीबाई मात्र गप्प झाल्या होत्या. पदर तोंडाशी धरून खाली बसल्या होत्या. दीपाने ते पाहिले. तरी तिचा पाय माझ्याकडे आला नाही. सभागृह टाळ्यांनी भरून गेले.

त्यानंतर दीपाने मला पिशवीत घालून कपाटात टाकले. तिथे माझ्यावर गंज चढला. टाळ्या मिळाल्या होत्या, तरी मला चोरासारखे वाटत होते.

शेवटी एक दिवस मला घेऊन ती तांड्यावर गेली.

“मावशी, माझं चुकलं,” ती म्हणाली.

मानीबाई तूर पाखडत होत्या. “माही पोरगी नलू सासरी जाताना हेच म्हणत होती. दोन वर्षांत ती मरून गेली. तवापासून म्या त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं. मी चूप झालती, बाई. तुही मशीन माह्या आवाजात रडूनच राह्यली. तू बंद काहून नाही केली?”

“लोकायले आवडून राह्यलं होतं.” दीपाची मान खाली होती. “आणि मलेही.”

मानीबाईंनी सूप बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, “माहा आवाज यातून पुसाचा कसा, ते दाखव मले.”

दीपाने दाखवले. मानीबाईंनी अनवाणी पायाने बटण दाबून धरले, आणि ती हाक माझ्यातून गेली.

पुढे महागावच्या कार्यक्रमात मी मानीबाईंच्या पायाशी होतो. काय साठवायचे, कधी थांबवायचे, ते त्याच ठरवत होत्या. गाणे ऐन रंगात असताना त्यांनी मला बंद केले. गोविंदाचा हात थांबला. दीपाही थांबली. मग मानीबाई एकट्याच गायल्या.

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ पुसत जा, वायरी नीट गुंडाळा. पण माझ्यात कुणाचा आवाज ठेवणार असाल, तर आधी त्या माणसाला विचारा. तो मध्येच गप्प झाला, तर त्याच्याकडे बघा. मला स्वतःहून थांबता येत नाही.