टोपलीकडे दिलेला निरोप

लाऊ मेरिंग गावात सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण असतं म्हणून नव्हे, मान असतो म्हणून. ती दोघं एका चटईवर बसत नाहीत, एकमेकांच्या हातात वस्तू देत नाहीत, आणि बोलणं अगदीच भाग पडलं तर मध्ये कुणाला तरी घालतात. माणूस नसेल तर चटईला सांगतात, चुलीला सांगतात, दाराच्या चौकटीला सांगतात. "चटई, आमच्या जावयांना म्हणावं, भात निवतोय." मग जावई मान खाली घालून चटईलाच म्हणतो, "मामींना सांग, आलोच."

नांदे मालेम आणि तिचा जावई तेर्केलिन यांचंही असंच चालायचं. नांदे मालेम म्हणजे मालेमची आई. तिथे बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानेच हाक मारतात. मालेम तिची एकुलती एक. तेर्केलिन नणंदेचा मुलगा. लहानपणी तो तिच्याच चुलीपाशी शेकत बसून भाजलेली रताळी खायचा आणि वर तिलाच उलट उत्तरं द्यायचा. मालेमशी लग्न झालं आणि त्या दिवसापासून दोघांची तोंडं एकमेकांपुरती बंद झाली.

सिनाबुंगचा ज्वालामुखी डोंगर फुटला त्या सकाळी आभाळ राखेने करडं झालं होतं. मालेम मुलांना घेऊन शेजाऱ्यांच्या गाडीतून आधीच खाली गेली होती. नांदे मालेमचा नवरा वरच्या शेतातल्या खोपीत होता. गुडघा सुजून त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. ती धावत तेर्केलिनच्या अंगणात गेली. तो टेम्पोत संत्र्यांच्या टोपल्या चढवत होता. दुसरं कुणी नव्हतं. तिने समोरच्या टोपलीला सांगितलं, "टोपली, माझ्या जावयांना सांग, त्यांचे मामा वर खोपीत आहेत. चालवत नाही त्यांना. टेम्पो तिथवर जातो. आधी त्यांना आणायला सांग."

तेर्केलिनचा हात थांबला. त्याने वर पाहिलं नाही, पण पाहायचं नसतंच. मग त्याने तीच टोपली उचलून टेम्पोत ठेवली. तिला वाटलं, आता निघेल. तेवढ्यात चर्चच्या बायकांनी तिला दंडाला धरून ओढत खालच्या रस्त्याला नेलं.

टेम्पो खाली आला तेव्हा त्यात संत्री होती. दुपारी डोंगरावरून तापलेल्या राखेचा लोट उतरला आणि वरचं शेत, खोप, खोपीतला माणूस, सगळं त्याखाली गेलं.

"मला काय ठाऊक मामा वर आहेत?" तेर्केलिन खालच्या मदत छावणीत म्हणाला. पुढे गाव परत वसलं. चहाकॉफीच्या दुकानात बुद्धिबळाचे पट पुन्हा मांडले गेले. तेव्हा तो हत्ती सरकवता सरकवता म्हणू लागला, "मामी टोपलीला बोलल्या म्हणे. आता टोपलीने मला सांगितलंच नाही, त्याला मी काय करू?" एकदोघं हसले. बाकीच्यांनी पटावरून नजर काढली नाही. गावातली वडीलधारी मंडळी म्हणाली, डोंगर गरजत होता, नसेल ऐकू आलं. मालेमनेही तेच धरलं. तिला त्याच घरात राहायचं होतं.

त्याने ऐकलं होतं. हे दोघांनाच माहीत होतं: तिला आणि त्याला. रात्री अंथरुणावर पडली की तिला त्याचा तो थांबलेला हात दिसायचा.

"जाऊ दे गं," शेजारची नांदे रुकुन विड्याला चुना लावत म्हणाली. "काही झालं तरी जावई आहे तुझा."

"जावई आहे म्हणूनच तर."

"म्हणजे काय करणारेस? जाऊन त्याला विचारणारेस?"

"मी कशी विचारणार? मी त्याच्याशी बोलत नाही," नांदे मालेम म्हणाली आणि विडा गालात सरकवला. नांदे रुकुनला ते बोलणं साधं वाटलं नाही.

राखेखालची माती पुढे काळीभोर झाली. वरच्या शेतात टाकलं ते उगवायला लागलं. मुलगा नसल्याने ते शेत रीतीने दिराच्या मुलांकडे जायचं, पण कुणाला द्यायचं हे त्यांनी नांदे मालेमवर सोडलं होतं, आणि तेर्केलिन हल्ली त्या बांधावरून मुद्दाम जायचा, वाकून मूठभर माती उचलायचा, चोळून बघायचा. तिने दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आता काय करायचं ते तिला कळलं.

सुगीनंतरचं गावजेवण आलं. सगळं गाव मंडपात जमलं. बायकोकडची माणसं चटयांवर बसतात. जावई रांधतात आणि वाढतात. सनई वाजत होती, ढोल वाजत होते, कर्ण्यावर कुणीतरी हरवलेल्या चपलेचं जाहीर करत होतं, पोरं गूळखोबऱ्याचे चिंपा पळवत होती. तेर्केलिन पातेलं आणि डाव घेऊन पलीकडच्या रांगेत रस्सा वाढत होता. त्याची नांदे मालेमकडे पाठ होती.

तिने आवाज चढवला नाही. बसल्या जागी चटईवर हात ठेवून ती म्हणाली, "चटई, माझ्या जावयांना सांग, वरचं शेत मी त्यांना द्यायचं ठरवलंय."

डाव हवेतच थांबला. रस्सा एका म्हाताऱ्याच्या मांडीवर सांडला. "अरे, अरे, ताटात वाढ!" म्हातारा ओरडला. पण तेर्केलिन वळून, हसऱ्या तोंडाने खाली वाकला होता. "चटई, मामींना सांग, त्यांचा जावई त्यांच्या पाया पडतो. एवढं मोठं मन कुणाचं असतं?"

आसपासची माणसं कौतुकाने हसली.

"चटई, त्यांना विचार, नीट ऐकू आलं ना? ढोल वाजतायत."

"चटई, सांग त्यांना, शब्द न् शब्द ऐकला."

नांदे रुकुनचं चघळणं थांबलं. मग बुद्धिबळवाल्यांपैकी एकाने हातातला घास परत ताटात ठेवला. कुजबुज एका चटईवरून दुसरीवर गेली. ढोलवाल्याने पाहिलं की कुणीच जेवत नाही, तेव्हा त्याचाही हात सैल पडला. तेर्केलिन अजून हसतच होता. त्याला सगळ्यात शेवटी कळलं.

नांदे मालेम उठली. डोक्यावरचं फडकं मागे सारून तिने त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

"तेर्केलिन."

"अगं बाई!" कुणीतरी पुटपुटलं.

"तेर्केलिन, ढोल वाजत असताना, पाठ फिरवून उभा असताना, शेत तुला ऐकू आलं. तुझा मामा ऐकू नाही आला?"

तो चटईकडे पाहायला लागला.

"तिच्याकडे काय बघतोस? माझ्याकडे बघ."

"मामी, मी..."

"मामी कुठली?" ती म्हणाली. "सासूशी कुणी असं तोंडावर बोलतं? तू माझ्याशी बोलतोयस, मी तुझ्याशी बोलतेय. आपण दोघं एकमेकांचे कुणी नाही. तो डाव खाली ठेव. आमच्यात वाढायचं काम आमच्या जावयांचं आहे."

त्याने वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. त्यांच्यापैकी कुणी मान हलवली नाही, आणि ज्याच्या मांडीवर रस्सा सांडला होता त्या म्हाताऱ्याने आपलं ताट बाजूला ओढून घेतलं. तेर्केलिनने डाव पातेल्यात सोडला आणि तो मंडपातून चालता झाला.

नांदे रुकुनने हात ओढून तिला खाली बसवलं. "आणि शेत?"

"शेत दिराच्या मुलांचं."

"म्हणजे तू चटईला खोटं सांगितलंस?"

"चटईची माफी मागीन मी."

मालेम चिंपांचं ताट घेऊन मंडपाच्या खांबाशी उभी होती. ती आईजवळ आली, पण बसली नाही. "आता मी माहेरी कशी येऊ?"

"चालत ये. मुलांना घेऊन ये."

"आणि तो?"

"तुझा नवरा तुझाच आहे. माझा जावई नाही."

"तुला आता बरं वाटतंय, आई?"

नांदे मालेमला खोटं बोलायचं असतं तर ती ते आत्ताच बोलली असती. "हो," ती म्हणाली.

मालेमने ताट तिच्यापुढे ठेवलं आणि ती नवऱ्याच्या मागे गेली. पाणवठ्यावरच्या बायका पुढे कितीतरी दिवस म्हणत होत्या की म्हातारीने लेक गमावली. म्हातारीने ते ऐकलं आणि हंडा भरून घेतला.

ती दररोज सकाळी तेर्केलिनला रस्त्यात गाठायची. नावाने हाक मारायची, सगळ्यांदेखत, मोकळ्या आवाजात. कधी हवेचं बोलायची, कधी कोबीला लागलेल्या किडीचं. तिचा एकेक शब्द त्याला सगळ्या गावासमोर परका करत होता. काही दिवसांनी तो शेतावर जायला डोंगराच्या बाजूची लांबची वाट धरायला लागला. ती वाट चढाची होती आणि नांदे मालेमचा दम आता पूर्वीसारखा राहिला नव्हता.

तिने बांबूची एक काठी तोडून घेतली आणि पहाटेच निघून त्या वाटेच्या वळणावरच्या दगडावर जाऊन बसली. धुक्यातून पावलं ऐकू आली तशी ती उभी राहिली.

"तेर्केलिन, थांब. तुझ्याशी बोलायचंय."