बगळ्याला दिलेलं आवतन

पोळ्याच्या आदल्या दुपारी मोहिनीच्या अंगणात मातीच्या बैलांचा बाजार भरला होता. गोठ्यात खरा बैल एकच उरलेला, पण अंगणात नुसती खिल्लारं. चार वर्षांचा आदिनाथ जे काही वळत होता त्याला बैल म्हणायला मोठं मन लागत होतं. एकाचे पाय शिंगांपेक्षा आखूड होते आणि शेपूट भलतीकडूनच निघाली होती. मोहिनीची सासू बायनाबाई त्या जनावराच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "लई गुणाचं हाय. पळत न्हाई, मारत न्हाई, नुस्तं बसून खातंय. बापावर गेलंय." ओट्यावर घुंगरमाळ घासत बसलेल्या तानाजीनं, म्हणजे त्या बापानं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मोहिनीचं माहेर दिंद्रुडचं. वडलांचं कापडाचं दुकान, दारात बैल कधी बांधलेला नाही. तिथं पोळा म्हणजे बाजारातून आणलेली रंगीत जोडी आणि वर पुरणपोळी. लग्न होऊन तलवाड्याजवळच्या या ओढ्याकाठच्या वस्तीवर आली तेव्हा तिला कळलं की बैल घरी वळायचे असतात, लेकराबाळांसकट सगळ्यांनी बसून, आणि वळताना ज्याच्या खांद्यावर वर्षभर खाल्लं त्याचं नाव घ्यायचं असतं. तिला ही रीत फार आवडली. पण रीत नुसती देखणी नसते, ती निभवावीही लागते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

सात वर्षांची राजनंदिनी सगळ्यांपासून बाजूला, तुळशीच्या आडोशाला बसली होती. तिनं एकच बैल वळला होता, आणि असा वळला होता की बघणाऱ्यानं दोनदा बघावं. भरलेलं वशिंड, आत वळलेली शिंगं, डावा कान जरासा फाटलेला.

"आगं, एकटा बैल वळू न्हाई," बायनाबाई म्हणाली. "जोडी वळ."

"ह्याची जोडी हाय की. गोठ्यात."

बायनाबाईचा हात थांबला. घुंगरांचा आवाजही थांबला. फाटक्या डाव्या कानाचा बैल त्या घरात एकच होऊन गेला होता, बगळ्या.

"माती कुठली आणलीस?" मोहिनीनं विचारलं.

"वढ्याची. मी जिथं भाईर निघाले तिथली."

गेल्या भादव्यातली गोष्ट. रानातून परतताना तानाजी जोडीतल्या दुसऱ्या बैलाला, हरण्याला, घेऊन ओढा ओलांडून आला होता आणि मागून राजनंदिनी बगळ्याबरोबर पाण्यात उतरली होती. वरच्या अंगाला कुठं ढग फुटला कोण जाणे. गुडघाभर पाणी बघता बघता बैलाच्या पाठीवर चढलं. पोरीचे पाय सुटले, हाताला लागली ती बगळ्याची शेपूट. मोहिनी या काठावर उभी होती. तिला पोहता येत नव्हतं, तिला काहीच येत नव्हतं, ती फक्त ओरडत राहिली, "सोडू नको! राजे, शेपूट सोडू नको गं! काय बी झालं तरी सोडू नको!"

पोरीनं सोडली नाही. बगळ्यानं तिला उथळ पाण्यापर्यंत ओढत आणलं, तानाजीनं तिला उचललं, आणि त्याच क्षणी बैलाच्या पायाखालची दरड ढासळली. त्यानं एकदा मान वर केली. गळ्यातली पितळी घंटी वाजली. मग नुसतं लाल पाणी. पुढं ओढा उतरल्यावर तानाजी पार नदीपर्यंत हिंडून आला, पण ना बैल सापडला ना घंटी.

बायनाबाई तेव्हा म्हणाली होती, "जिवासाठी जीव दिला त्यानं. त्याचे उपकार हायेत आपल्यावर." ती सहज बोलून गेली आणि मोहिनीच्या काळजात मात्र ते रुतून बसलं. जिवासाठी जीव. म्हणजे पोरगी आता आपली की त्याची?

कारण त्या दिवसापासून राजनंदिनी मूठ आवळून झोपत होती. दिवसा हसायची, खेळायची, भावाला चिमटे काढायची, पण डोळा लागला की उजव्या हाताची मूठ मिटायची ती मिटायचीच. नखं तळव्यात रुतून रक्त यायचं. मोहिनी एकेक बोट सोडवायला बघायची, बोट हटायचं नाही. गेवराईच्या डॉक्टरांनी भीती बसलीय, वयानं जाईल, असं सांगितलं. बायनाबाईनं दृष्ट काढली. भीती काही गेली नाही, ती आईलाही लागली.

संध्याकाळी खांदेमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं आणि बैलाच्या कानाशी लागून जेवायला बोलवायचं, ही पोळ्याच्या आदल्या दिवशीची रीत. बायनाबाईनं हरण्याचा खांदा मळला. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," ती त्याला अहोजाहो करत म्हणाली. वर्षातून एक दिवस बैलाला तो मान असतो. बाकी दिवस त्याला काय म्हणतात ते तानाजीला विचारावं.

मोहिनी तेव्हा चुलीपाशी डाळ निवडत होती. राजनंदिनी तिच्याजवळ आली. एका हातात मातीचा बैल, दुसऱ्या हाताचं बोट हळदीनं माखलेलं. "आई, ह्याचा बी खांदा मळला मी. ह्याला आवतन देऊ का?"

"दे की," मोहिनी मान वर न करता म्हणाली. "त्यो काय परका हाय का?"

बैल बांधणाऱ्या घरातली कुठलीही बाई हे बोलली नसती. आवतन द्यायचं ते दावणीला उभ्या असलेल्याला. गेलेल्याचं नाव त्या सांजेला कुणी तोंडातही आणत नाही. पण मोहिनी कापडाच्या दुकानात वाढलेली. तिला वाटलं, लेकराचं मन राहील.

पोरीनं मातीच्या फाटक्या कानाशी तोंड नेलं. "बगळ्या, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

गोठ्यात हरण्या एकदम उठून उभा राहिला. वर्षभर तो गोठ्याच्या मधोमध उभा राहायचा, जागा मिळालेल्या म्हाताऱ्यासारखा ऐसपैस. आता तो उजवीकडे सरकला, भिंतीला अंग लागेपर्यंत सरकला. डावी बाजू मोकळी राहिली. जोडीत बगळ्या डावीकडं असायचा. मोहिनीनं ते पाहिलं आणि डाळ निवडत राहिली.

सकाळी आदिनाथची जनावरं वाळून भेगाळली होती. राजनंदिनीचा बैल ओला होता. नुसता ओला नाही, त्याच्या पायाखाली गढूळ पाणी साचलं होतं. मोहिनीनं ते पुसलं, बैल उन्हात ठेवला, आणि पुरण वाटून आली तर पुन्हा तेवढंच पाणी. शेवाळाचा वास. तिनं बैल उचलला तेव्हा खांद्यावरची हळद झिजलेली दिसली, आणि खाली जू लागून पडतो तसा घट्टा. पोरीनं घट्टा काढला नव्हता. मोहिनीनं बैल घाईघाईनं खाली ठेवला.

दुपारी तानाजी हरण्याला सजवून गावात मारुतीपुढं घेऊन गेला. एकटा बैल मिरवायला बरा दिसत नाही म्हणून चुलतभावानं आपला एक बैल जोडीला दिला होता. तानाजी परतला तो घामाघूम. "काय झालंय ह्याला कळंना. डाव्या अंगाला दुसरा बैल उबाच राहू देईना. जागा धरून ठेवल्यावानी करायलंय. लोकं हसायलेत."

बायनाबाई काही हसली नाही. तिनं आधी गोठ्याकडं, मग त्या ओल्या बैलाकडं बघितलं. "काल आवतन कुणी कुणाला दिलं?"

राजनंदिनीनं सगळं सांगितलं, आईनं दे म्हटल्याचंही. म्हातारीनं पोरीला ओढून जवळ घेतलं.

"माय, कावून घाबरतीस?" तानाजी म्हणाला. "लेकरांचा खेळ हाय. मातीचा बैल."

"बोलवलं ना? मग त्यो येनार. आलेल्याला उपाशी लावायचं न्हाई. आनि ज्यानं आवतन दिलं त्यानंच घास द्यायचा."

"पोरगी देणार न्हाई," मोहिनी म्हणाली. "मी बोलले, मी देते. आत्याबाई, तिला आत ठेवा. तिला न्यायला येतोय त्यो!"

बायनाबाईनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "तिनं न्हाई दिला तर त्यो दारातून हलनार न्हाई, पोरी."

दिवेलागणीला सूप भरलं. पुरणाच्या पोळ्या, भात, वर गूळ. आधी हरण्याला घास दिला. त्यानं तोंड लावलं नाही. कान टवकारून तो ओढ्याच्या वाटेकडं बघत होता. अवसेची सांज, आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. वस्तीवरची सगळी कुत्री कुठंतरी गप्प बसली होती.

आणि मग घंटी वाजली.

लांब, ओढ्याच्या अंगाला. मग जवळ. मग कुंपणापाशी. चालीचा ठेका सगळ्यांच्या ओळखीचा होता. तानाजीनं आदिनाथला छातीशी धरलं. अंगणात काही दिसलं नाही, पण सारवलेल्या भुईवर ओले खूर उमटत आले, एकापुढं एक, आणि सुपासमोर थांबले. गढूळ पाण्याचा वास घरभर झाला.

राजनंदिनीनं सूप पुढं केलं. ती जराही भ्याली नव्हती, पाव्हण्याला वाढावं तसं तिनं ते धरलं. मोहिनीनं मागून लेकीच्या हातांवर आपले हात ठेवले आणि डोळे घट्ट मिटले. ऊबदार, ओला श्वास तिच्या बोटांवर आला. खरखरीत जीभ मनगटावरून फिरली. सूप हलकं होत गेलं.

डोळे उघडले तेव्हा सूप रिकामं होतं, आणि राजनंदिनी चालू लागली होती.

उजवा हात पुढं, मूठ आवळलेली, कशाच्या तरी मागं ती अंगण उतरली. पुढं घंटी वाजत होती. "राजे!" मोहिनी धावली. तिनं पोरीचं डावं मनगट पकडलं आणि ओढलं. पोरगी थांबली नाही. मोठ्या ताकदीमागं बांधलेल्या गाडीसारखी ती जात राहिली आणि मोहिनी तिच्यामागं फरफटत राहिली. काटे लागले, चप्पल सुटली. पुढं ओढ्याचं पाणी खळाळत होतं.

"सोड माझ्या लेकराला!" मोहिनी अंधारात ओरडली. "जेवलास ना? मग जा की! तिला कावून नेतोस?"

पाण्याच्या काठावर, गेल्या वर्षी पोरगी जिथून बाहेर निघाली होती त्याच जागी, घंटी थांबली. समोर काहीतरी मोठं उभं होतं, अंधाराहून जरा पांढरं. त्यानं मान वळवली. फाटका कान दिसला. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, दावं सुटायची वाट बघणाऱ्या जनावरासारखा.

तेव्हा मोहिनीच्या लक्षात आलं. तो ओढत नव्हताच. तो नुसता जाऊ बघत होता, वर्षभर जाऊ बघत होता. धरून ठेवलं होतं ते पोरीनं. आणि पोरीला धरायला कुणी सांगितलं होतं? काय बी झालं तरी सोडू नको, असं या काठावरून कोण ओरडलं होतं? आईचा शब्द होता तो. लेकरू ऐकणारं. आता सोड, असं त्या लेकराला कुणी सांगितलंच नव्हतं.

मोहिनी चिखलात गुडघ्यावर बसली. तिला हुंदका आवरेना.

"राजे," ती पोरीच्या कानाशी लागून म्हणाली, "भाईर निघालीस तू. कवाच निघालीस. आता सोड, माय. शेपूट सोड. जाऊ दे त्याला."

"सोडू?" पोरीनं विचारलं.

"सोड."

मूठ उघडली. एकेक बोट, सावकाश. तळव्यावर पांढऱ्या केसांची ओली बट होती. समोर पाणी एकदा डुचमळलं, घंटी खोलवर एकदाच वाजली, आणि ओढा नेहमीसारखा वाहू लागला. मागं गोठ्यातून हरण्या हंबरला, लांबलचक, घसा फाटेस्तोवर.

"जेवला का गं त्यो पोटभर?" राजनंदिनी म्हणाली.

"जेवला."

पोरीनं आपला उजवा हात ओढ्यात धुतला आणि फ्रॉकला पुसला. मग तिनं डाव्या हाताकडं बघितलं.

"आई," ती म्हणाली, "आता तू बी सोड की. लई दुखायलंय."