सत्काराची शाल

"ताई, जे दिसतच नाई, ते हाय कशावरून?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून जागृतीने भर वर्गात उभं राहून विचारलंच. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पाहुणी म्हणून आलेली मयुरीताई तिच्या काकांचीच मुलगी. बंगळुरूला संशोधन करायची. स्वतः बनवलेली चिप दिल्लीतल्या मोठ्या यंत्रावर तपासायला तिची पाळी मुश्किलीने लागली होती, आणि जाताना वाटेत ती नाचणगावला थांबली होती.

ताई हसली. मनगटाला अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा पट्टा बांधून तिने डबीतून नखाएवढी चिप काढली.

"याच्यात तीन अणूंच्या जाडीचा पापुद्रा हाय. मधून करंट अडवते, काठानं जाऊ देते. भयंकर थंड करून खालून जरासा व्होल्टेज दिला, का सगळा अडथळाच संपते. व्होल्टेज काढला का पुन्हा जसाच्या तसा. नळाची तोटी समजा. अशी एक चिप जमाले वर्ष गेलं माह्यं."

मुख्याध्यापक खूश झाले. "प्रश्न झकास होता. आता सत्कारही जागृतीच करेल."

जागृतीला आभाळ ठेंगणं झालं. तिने पिशवीतून नायलॉनची चकचकीत शाल सर्रकन ओढली. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत शाल चरचरली. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, इकडे या." ताई पट्टा सोडून, चिप बोटांत तशीच धरून पुढे आली. जागृतीने शाल तिच्या खांद्यावर टाकली.

चट्. शालीची ठिणगी ताईच्या बोटांतून चिपमध्ये उतरली.

जीवशास्त्राच्या सूक्ष्मदर्शकाखाली चिप ठेवून, मोबाईलचा टॉर्च धरून ताईने पाहिलं. पापुद्र्याच्या जागी काळा डाग होता.

"दुरुस्त नाई होत?" जागृतीने विचारलं.

"ज्याले हातच लावता येत नाई, ते कसं दुरुस्त करू? तुही चूक नाई बाई. पट्टा मीच सोडला."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी घरी सगळं ऐकून जागृतीचे बाबा म्हणाले, "एवढं काय मनाले लावून घेतं, मयुरी? नवीन घेऊन देतो. नागपूरले भेटन ना?"

"मोबाईलवर मागवा," आईने सुचवलं.

ताई तीच शाल घडी करत होती, मोडत होती, पुन्हा करत होती. दिल्लीची पाळी आता दुसऱ्याची. जागृतीला तिच्याकडे बघवेना, आणि करण्यासारखं तर काहीच नव्हतं.

"भेटत नाई बाबा," ती म्हणाली. "बनवा लागते. नीटचा क्लास मी उद्यापासून सोडून राह्यली. मले डॉक्टर नाई व्हाचं. मी फिजिक्सच शिकतो."