प्रेमदासचा वेल

१९५७ च्या मार्चात आष्टीला शेतीचं प्रदर्शन भरलं. तळेगावाहून पायी आलेली तानाबाई पहिल्याच मांडवात थबकली. टेबलावर तिच्याच वेलासारखे काळेभोर घड, वर बक्षिसाची पाटी. एका मास्तरणीनं वाचून दाखवली: 'महादेव काळी. शोधक: महादेवराव, तळेगाव.'

तानाबाईच्या अंगाची लाहीलाही झाली.

मूळ वेल तिच्या नवऱ्यानं, प्रेमदासनं, आणलेला. नागपूरला तो एका पाद्र्याच्या बागेत माळी होता. पाद्री या द्राक्षांची लाल दारू करी आणि सांगे, याला फ्रान्सात ग्रनाश म्हणतात, स्पेनात गार्नाचा, सार्डिनिया बेटावर कॅनोनाउ. प्रेमदास वारल्यावर तानाबाईनं सहा उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहून वेल जगवला. गावात त्याला 'खालच्या वस्तीचं द्राक्ष' म्हणत. कोणी तोंडात घालत नसे. महादेवरावांनी मात्र गड्याकरवी काड्या नेल्या होत्या. आता ते टेबलाशीच उभे होते.

"हे नाव खोटं हाये, महादेवराव!"

मालक म्हणणं तिनं नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवसापासून सोडलं होतं.

"वेल माह्या वावरातला हाये. गावाले विचार," महादेवराव हसले.

"वस्तीचं नाव देऊन थुकत होते तुमी याच्यावर. आता बक्षीस भेटते तं तुमचं नाव काऊन?"

तिनं पाटी उचलून आपटली. चपराशानं हात धरून तिला मांडवाबाहेर काढलं. शेतीखात्याचे कारकून अच्युतराव खाली मान घालून उभे राहिले.

पावसाळ्यात महादेवरावांचे वेल वाळवीनं खाल्ले. ऑक्टोबरात अच्युतराव सायकलवरून तानाबाईच्या दारात आले.

"बाई, खात्याला महादेव काळीच्या काड्या हव्यात."

"तसा वेल माह्याकडे नाई."

त्यांनी वही उघडली. "मग याला काय म्हणायचं?"

"प्रेमदास."

त्यांनी पेन्सिल काढली.

"शाईनं लिहा."

त्यांनी लिहिलं. तिनं त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतलं, मग पाच काड्या कापून पुढं धरल्या. पण सोडल्या नाहीत.

"मले हात धरून मांडवातून काढलं, तेही लिहा."

"बाई, त्याला वहीत रकाना नाही."

"कोऱ्या जागेवर लिहा. जागा हाये ना?"

तिचा आवाज चढला तशी शेजारची माणसं दारात आली. अच्युतरावांनी वही गुडघ्यावर टेकवली आणि समासात लिहायला लागले.